मशीन गावात कुणी आणलं?

पीरियड. एंड ऑफ सेंटेन्स. (२०१८) नेटफ्लिक्सवर आहे, २६ मिनिटांची आहे, लोकलच्या एका फेरीत बघून होते. २०१९ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट लघु-माहितीपटाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा आपल्याकडे नेहमीचे दोन सूर लागले. एक अभिमानाचा, दुसरा ‘गोरे येतात आणि आपलं मागासलेपण विकतात’ हा. दोन्हींमध्ये फिल्म बघायची राहूनच गेली असं मला वाटतं.

दिग्दर्शिका रायका झेहताबची इराणी-अमेरिकन. ती उत्तर प्रदेशातल्या हापूड जिल्ह्यात, काठीखेडा गावात शूटिंगला आली. गोष्ट साधी आहे. अरुणाचलम मुरुगनंदम यांनी तयार केलेलं, स्वस्तात सॅनिटरी पॅड बनवणारं मशीन गावात येतं. बायका ते चालवायला शिकतात, पॅडला ‘फ्लाय’ नाव देतात आणि विकायला निघतात.

सुरुवातीलाच मुलींना पाळीविषयी विचारलं जातं आणि त्या तोंड लपवून हसत सुटतात. पुढे वर्गात एक मुलगी याच प्रश्नाचं उत्तर द्यायला उभी राहते, आणि शब्दच फुटत नाही. फिल्म तिथून पळ काढत नाही. बघताना आपल्यालाच अवघडायला होतं. या दोन्ही जागी सबटायटलला काहीच काम नाही, आणि माझ्या मते फिल्मची सगळी ताकद तिथेच आहे. ‘कावळा शिवला’ म्हणत वाढलेल्या, केमिस्टकडून काळ्या पिशवीत पॅड आणणाऱ्या माणसाला ते हसू परकं वाटणारच नाही. (मराठीत त्या बिचाऱ्या कावळ्यावर आपण किती ढकललंय!)

माझं भांडण पुढच्या भागाशी आहे. मशीन येतं, पण कुठून? लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेच्या विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पैसे उभे केले होते, मशीनसाठीही आणि फिल्मसाठीही. म्हणजे गावातला बदल टिपायला आलेला कॅमेरा आणि तो बदल घडवणारं मशीन एकाच खटपटीतून आलेले. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट शाळकरी मुलींनी हे केलं याचं कौतुकच वाटतं. पण पडद्यावर तो धागा गोष्टीत विणलेला नाही. मशीन जणू आपसूक उगवतं आणि कॅमेरा योगायोगाने तिथे हजर असतो. दुसऱ्याच्या देशात जाऊन फिल्म करणाऱ्याने आपली सावली फ्रेममध्ये येऊ द्यावी, एवढीच माझी अपेक्षा. ती आली असती तर बायकांचं कर्तृत्व कमी झालं नसतं. देणारे कोण आणि राबणारे कोण, हे मात्र स्पष्ट दिसलं असतं.

त्या सावलीवाचूनही एक व्यक्तिरेखा फिल्मला पुरून उरते. स्नेहा. तिला दिल्ली पोलिसात जायचंय, त्यासाठी ती धावण्याचा सराव करते, आणि लग्नापासून सुटका हेही त्यामागचं एक कारण आहे. पॅडचं काम तिच्यासाठी त्या वाटेवरचा एक थांबा. मशीनच्या यशोगाथेत ती नीटशी बसत नाही, म्हणून संकलनात तिच्या वाट्याला थोडीच मिनिटं आली असावीत. मला मात्र तिच्याच मागे धावणारी फिल्म बघायची होती. भरती, मैदान, घरातली बोलणी, सगळं. मशीन एका कोपऱ्यात चालू राहिलं असतं तरी चाललं असतं.