सरासरीआड दडलेली शेते

एकात्मिक कीड व्यवस्थापनाने पिकाचे उत्पादन किती वाढते? या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळते : ४०.९ टक्के. जूल्स प्रेटी आणि झरीन परवेझ भरुचा यांनी आशिया व आफ्रिकेतील २४ देशांतल्या ८५ प्रकल्पांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यातला हा आकडा. आढावा मेहनतीचा आहे. आमची तक्रार आहे ती हा आकडा एकटाच उचलण्याबद्दल. त्याच्या शेजारीच लेखकांनी प्रमाण विचलन दिले आहे, ७२.३. सरासरीपेक्षा विचलन मोठे! फळ्यावर पाच काल्पनिक शेतांमधली वाढ लिहून पाहा : ०, ०, ५, १०, १९० टक्के. सरासरी ४१, प्रमाण विचलन सुमारे ७५. आणि ४१ च्या जवळपास एकही शेत नाही.

शिवाय अशा प्रकल्पांत किडीबरोबर बियाणे, खत, लागवडीचे अंतर हेही शिकवले जाते. मग वाढीचे श्रेय कोणाला द्यायचे?

म्हणून पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचा अभ्यास आम्हाला अधिक बोलका वाटतो. विल्यम सेटल व सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या ब्ला भागात कापूस उत्पादकांच्या शेतीशाळा भरल्या. शेतकरी गटाने शेतात जायचे, अपायकारक आणि उपकारक कीटक ओळखायचे, आणि मगच फवारायचे की नाही ते ठरवायचे. गरज पडलीच तर कडुनिंबाचा अर्क. (कडुनिंब तिकडे गेला तो आपल्याकडूनच.) आठ वर्षांत घातक कीटकनाशकांचा वापर ९२ टक्क्यांनी घटला. शेतीशाळा न पोचलेल्या बुगुनी भागात तो होता तसाच राहिला.

आणि उत्पादन? ते घटले नाही, इतकेच. वर्तमानपत्राला यात मथळा सापडणार नाही. पण उत्पादन आणि उत्पन्न हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो, तिथेच घोटाळा होतो. कापूस तेवढाच पिकला, औषधाचा खर्च वाचला, म्हणजे हातातले पैसे वाढले. अंगावर उडणारे विष कमी झाले ते वेगळेच. क्विंटलच्या हिशेबात ते कधीच दिसत नाही.

हा अभ्यासही निर्दोष नाही. बुगुनी दक्षिणेला आहे, तिथे पाऊस ब्लापेक्षा जास्त. दोन्ही भाग सारखे नसताना तुलना कितपत चालेल? नकाशा उघडून हा प्रश्न आधी मुलांनाच विचारावा.