‘मोठा कपॅसिटर लावा’ या सल्ल्याची चिकित्सा

घरी बनवलेल्या सिंथेसायझरमधून सतत घरघर येत असेल, तर बहुतेक टिपणांत एकच उपाय सांगितलेला असतो: फिल्टर कपॅसिटर मोठा लावा. अभ्यासक्रमातील रिपलच्या सूत्राशी तो जुळतो, म्हणून विद्यार्थी तो निमूटपणे स्वीकारतात. एका नेहमीच्या मंडलावर तो तपासून पाहू.

१२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, प्रत्येक बाजूस २२०० मायक्रोफॅरड, त्यापुढे ७८१२ व ७९१२ रेग्युलेटर आणि प्रत्येक बाजूस ०.५ अँपिअर भार असे धरा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून रेक्टिफायरनंतरचा रिपल १०० हर्ट्झचा. त्याचे मूल्य ०.५ ÷ (१०० × ०.००२२), म्हणजे सुमारे २.३ व्होल्ट. शिखर मूल्य १७ व्होल्ट. डायोडमधील घट वजा जाता १६. म्हणजे तळ १३.७ व्होल्टवर येतो. ७८१२ ला मात्र इनपुटला साधारण १४ व्होल्ट लागतात. परिणामी प्रत्येक अर्धचक्रात रेग्युलेटर क्षणभर नियंत्रण सोडतो आणि १०० हर्ट्झचा खळगा थेट आउटपुटवर उमटतो.

मल्टिमीटर येथे दिशाभूल करतो. तो सरासरी, म्हणजे सुमारे १४.९ व्होल्ट दाखवतो आणि सारे ठीक वाटते. ऑसिलोस्कोपवर एसी कपलिंग ठेवल्यास रिपलची उंची कळते, पण तळ किती व्होल्टवर आहे ते कळत नाही. म्हणून पूर्ण भार जोडून, डीसी कपलिंगवर, कपॅसिटरच्या टोकांवरील तळ मोजावा.

आता ४७०० मायक्रोफॅरड लावा. तळ १४.९ व्होल्टवर येतो आणि घरघर थांबते. परंतु विजेचा दाब १० टक्के उतरला, की तळ पुन्हा १३.२ वर येतो. अशा वेळी कपॅसिटर अनंत मोठा मानला तरी १४.३ व्होल्टच मिळतात. उणीव धारितेची नसून ट्रान्सफॉर्मरच्या व्होल्टेजची आहे. १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर घेतल्यास मूळ २२०० मायक्रोफॅरडवरही, उतरलेल्या दाबात, तळ १५.८ व्होल्ट राहतो. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते: प्रत्येक रेग्युलेटरमध्ये सुमारे ३.५ वॅट. म्हणून हीटसिंक आवश्यक. कपॅसिटरही ३५ व्होल्टचे घ्यावेत.

या सल्ल्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. कपॅसिटर मोठा, तितका त्याला भरणारा प्रवाह कमी वेळात आणि मोठ्या स्पंदांनी वाहतो. हा प्रवाह आणि ध्वनिसंकेत यांची ग्राउंडची तार एकच असेल, तर मोठ्या कपॅसिटरने घरघर वाढते. ट्रान्सफॉर्मरचे मधले टोक आधी दोन्ही कपॅसिटरांच्या सामाईक बिंदूला जोडावे. मॉड्यूलच्या ग्राउंडची तार त्या बिंदूपासून स्वतंत्र काढावी.

दोष शोधताना प्रथम वारंवारता पाहावी. १०० हर्ट्झ असल्यास तळ आणि ग्राउंडची जोडणी तपासा. ५० हर्ट्झ असल्यास तुटलेला डायोड, ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र किंवा अँप्लिफायरशी झालेले ग्राउंड लूप यांचा संशय घ्या. अँप्लिफायर काढून हेडफोनवर ऐकल्यास लूपचा निर्णय लागतो. लूप तोडण्यासाठी प्लगची अर्थ पिन काढणे हा उपाय काहीजण सुचवतात. तो जिवावर बेतू शकतो, कधीही करू नये.

एवढी काटेकोरता हवी, कारण सिंथेसायझरमध्ये पुरवठ्याचा दोष स्वरातही शिरतो. १ व्होल्टला एक सप्तक या पद्धतीत ८३ मिलिव्होल्ट म्हणजे एक अर्धस्वर. नियंत्रण व्होल्टेजमध्ये १० मिलिव्होल्ट रिपल मिसळला, तर स्वर सुमारे १२ सेंटने थरथरतो. सूत्र चूक नाही. ते फक्त रिपलची उंची सांगते. रेग्युलेटरचे काम मात्र तळावर अवलंबून असते, आणि तळाचा हिशेब आपल्या टिपणांत सहसा मांडलेलाच नसतो.