ठिपका घरी पोचला, मुलगी पोचली का?

समीक्षा म्हटली की पुस्तक, नाटक किंवा सिनेमा, एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण ज्या वस्तू आपण दिवसातून वीस वेळा हाताळतो त्यांचीही समीक्षा व्हायला हवी, असं आम्ही मानतो. आज आपल्यासमोर आहे फोनमधली एक फुकट सोय, लोकेशन शेअरिंग. नकाशावर मुलाचा गोल फोटो सरकत असतो, शेजारी त्याच्या फोनची बॅटरी किती टक्के उरली तेही दिसतं, आणि घरी बसलेले आई-वडील तो ठिपका बघून निर्धास्त होतात. तर प्रश्न असा की ते नेमकं काय बघतात?

थोडा इतिहास. गूगलने २००९ मध्ये लॅटिट्यूड नावाची सोय आणली, ती मित्रांनी एकमेकांना शोधावं म्हणून. २०१३ साली ती बंद झाली. २०१७ मध्ये तीच कल्पना गूगल मॅप्समध्ये परत आली, आणि त्याच वर्षी व्हॉट्सॲपने लाइव्ह लोकेशन दिलं, पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी. म्हणजे मुळात ही बरोबरीच्या माणसांची सोय होती. भेटायचं ठरलंय, तू कुठवर आलास? आपल्याकडे ती घरात शिरली आणि तिचं रूप पालटलं. बघणारा एकीकडे, दिसणारा दुसरीकडे, आणि मुदत कायमची.

लातूरचं उदाहरण घेऊ. नांदेड, बीड, धाराशिवकडची मुलं सोळाव्या वर्षी नीटच्या तयारीला तिथे येऊन राहतात. दिवाळीच्या सुट्टीला मुलगी एसटीने नांदेडला निघते. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आता लोहा आलं असेल, हे आईला फोनवर दिसतं. पूर्वी हीच आई स्टँडवर दोन-दोन तास ताटकळायची. तेव्हा या सोयीत काही चांगलं नाहीच, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. प्रवासाला सुरुवात असते, शेवट असतो, आणि वाट पाहणाऱ्याला त्यातलं काही कळलं तर कुणाचं बिघडत नाही.

पण मुलगी परत लातूरला जाते आणि शेअरिंग चालूच राहतं. इथून पुढचं आम्हाला खटकतं.

एक तर या यंत्राला दिसतं त्याहून जास्त आपण त्याच्याकडून वाचतो. उपग्रहाचे संदेश स्लॅबखाली नीट पोचत नाहीत. मग फोन आजूबाजूचे वाय-फाय आणि मोबाइल टॉवर यांच्यावरून अंदाज बांधतो. आपल्या स्वतःच्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ते त्या अंदाजाची कबुली असते : मी या वर्तुळात कुठेतरी आहे, इतकंच. आता दुसऱ्या मजल्यावरच्या क्लासात बसलेली मुलगी नकाशावर शेजारच्या लॉजवर दिसली, तर रात्री फोनवर काय होईल ते सांगायला नको. तिने कितीही शपथा घेतल्या तरी नकाशा खरा आणि मुलगी खोटी! सोळा वर्षं वाढवलेल्या पोरीपेक्षा टॉवरच्या अंदाजावर जास्त विश्वास, हा कुठला न्याय?

दुसरं त्याहून गंभीर आहे. अशा बऱ्याच ॲपमध्ये घर, शाळा, क्लास अशा जागा ठरवून ठेवता येतात. मूल तिथे पोचलं की सूचना येते आणि आपण सुस्कारा टाकतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं काय सांगताहेत? बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र. म्हणजे धोका कित्येकदा त्याच पत्त्यावर असतो जिथे ठिपका पोचल्यावर आपण फोन खाली ठेवतो. मामाच्या घरी ठिपका अगदी शांत दिसतो.

मुलांचंही तेच. सोळा वर्षांच्या मुलाला वडील स्वतःहून गाडीची किल्ली देतात आणि तो कुठवर गेला ते नकाशावर बघत बसतात. ठिपक्याने हेल्मेट घातलंय का, हे नकाशा सांगत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं मेली. किल्ली न देणं हाही सुरक्षेचा उपाय आहे आणि तोही फुकटच आहे. पण त्यासाठी मुलाला तोंडावर नाही म्हणावं लागतं, आणि ठिपका बघायला काहीच म्हणावं लागत नाही. या सोयीच्या लोकप्रियतेचं अर्धं कारण आम्हाला इथे दिसतं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. अडचणीत सापडलेलं मूल वाचतं कशानं? बहुतेक वेळा त्याने कुणाला तरी केलेल्या फोनमुळे. आणि अडचण नेमकी अशा जागी येते जिथे मूल असायला नको होतं. मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात वाढदिवसाच्या पार्टीला गेली. तिथे रात्री दहाला वातावरण बिघडलं. आता ती घरी फोन करील का? ज्या घरात ठिपका चुकला की उलटतपासणी होते, तिथली मुलगी फोन करत नाही. ती फोन मैत्रिणीच्या घरी चार्जिंगला लावून आलेली असते, कारण पहारा चुकवायला मुलं आपल्याआधी शिकतात. ठिपका मैत्रिणीच्या घरी, मुलगी भलतीकडे, आणि हातात फोन नाही. सुरक्षेसाठी आणलेल्या वस्तूनेच मदतीचं साधन तिच्या हातातून काढून घेतलं.

फुकट या शब्दाबद्दलही दोन वाक्यं बोललं पाहिजे. लाइफ३६० हे कुटुंबांसाठीचं ॲप जगभर फुकट वापरलं जात होतं. ही कंपनी आपल्या ग्राहकांचा, म्हणजे त्यांच्या मुलांचाही, ठावठिकाणा दलालांना विकते, हे डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या द मार्कअपने उघड केलं. नंतर कंपनीने अचूक ठावठिकाणा विकणं थांबवण्याचं जाहीर केलं. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. मुलाची संमती मागायला मात्र कुणीच बांधलेलं नाही.

आणि एका घरात मुलगा नि मुलगी दोघं असली, तर ठिपका कुणाचा चालू असतो? हे आम्ही सांगायची गरज नाही. मुलगा रात्री अकराला कट्ट्यावर आहे याची कुणाला फिकीर नसते. मग हे सुरक्षेचं साधन की जुन्या उंबरठ्याचं नवं रूप?

मघाशी एका ताईंची चिठ्ठी आली. लिहितात, ‘मुलगी सतरा वर्षांची आहे. लोकेशन सारखं बंद करते. जबरदस्ती करू की सोडून देऊ?’

ताई, जबरदस्ती नको आणि सोडूनही नका देऊ. आधी तुमचं लोकेशन तिला द्या, दोघांचंही, आईचं आणि बाबांचं. आठवडाभर तिला कळू दे की बाबा ऑफिसातून निघून कुठे थांबतात. बाबांना पहिल्याच दिवशी अवघडल्यासारखं होईल, ते होऊ द्या. मग तिच्याशी ठरवा : रात्रीचा प्रवास, अनोळखी रिक्षा, परगावची परीक्षा, एवढ्या वेळी ती स्वतः तासाभराचं लोकेशन पाठवील, आणि घरी पोचली की ते बंद. ११२ हा नंबर आणि फोनमधलं आपत्कालीन बटण कसं दाबायचं ते दोघींनी एकदा बसून बघा. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनमध्ये ते असणं बंधनकारक आहे, तरी कित्येक घरांत कुणाला ते सापडत नाही. आणि तिला एक शब्द द्या. कुठूनही फोन कर, आम्ही न्यायला येऊ, आणि ‘तिथे का गेली होतीस’ हे त्या रात्री विचारणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर विचारू.

हा शब्द बाबांकडूनही घ्या. बहुतेक घरांत तिथेच अडतं.