कोलिपोकी, आणि त्याला हे नाव देणारे

टोंगातल्या एका लहानशा बेटावर विशीतला एक अमेरिकी मुलगा झोपला आहे. जाग येते तेव्हा त्याला पाय टेकवता येत नाहीत. झोपेत असताना उंदरांनी त्याच्या तळव्यांची कातडी कुरतडली आहे. मिशनऱ्यावरचा सिनेमा म्हणजे दोन तास प्रवचन, अशी मनाची तयारी करून मी बसले होते. या प्रसंगानं मला सरळ बसायला लावलं.

'द अदर साइड ऑफ हेवन' हा मिच डेव्हिसचा सिनेमा २००१ सालचा. आयडाहोतल्या जॉन ग्रोबर्ग या तरुणाला मॉर्मन चर्चनं १९५०च्या दशकात टोंगाला पाठवलं. पुढे त्यानं लिहिलेल्या आठवणींवर हा सिनेमा बेतला आहे. ग्रोबर्ग झालाय ख्रिस्तोफर गोरहॅम. त्याची घरी वाट पाहणारी जीन म्हणजे अ‍ॅन हॅथवे, तेव्हा नुकतीच लोकांना माहीत होऊ लागलेली. त्याच्या वाट्याला आलेलं निउआटोपुटापू हे बेट राजधानी नुकुआलोफापासून साडेपाचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. बोट येईल तेव्हा धान्य येणार, तेव्हाच पत्रंही.

सिनेमा सगळ्यात चांगला कुठे आहे, तर रोजच्या जगण्यात. ग्रोबर्गला भाषा येत नाही. तो दोन बायबल घेऊन एकटाच जाऊन बसतो, एक इंग्रजी आणि एक टोंगन. एक ओळ इकडची, एक तिकडची, असं करत तो बोलायला शिकतो. बोलायला आलेला हा माणूस उपदेश द्यायचा सोडून आधी गावाच्या उपयोगी पडू लागतो. झाडावरून पडलेलं एक मूल लोक त्याच्यापुढे आणून ठेवतात. तो डॉक्टर नाही. तरी तो त्या मुलाच्या तोंडात स्वतःचा श्वास भरत राहतो. वादळानंतर बोट येत नाही, अन्न संपतं, तेव्हा तोही गावाबरोबर उपाशी असतो. गावानं त्याच्या आडनावाला आपल्या जिभेवर बसवून 'कोलिपोकी' केलेलं असतं. परक्या गावात राहिलेल्या कुणालाही कळेल की लोकांनी आपलं नाव मोडून आपलंसं केलं, की निम्मं काम झालं.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. नाव देणारे कोण आहेत, हे सिनेमा सांगत नाही.

ग्रोबर्ग पोचला तेव्हा टोंगा 'अंधारात' नव्हतं. वेस्लियन मिशनरी तिथे १८२०च्या दशकात रुजले. पुढे सगळ्या टोंगाचा राजा झालेल्या ताउफाआहाऊनं १८३१मध्ये बाप्तिस्मा घेतला. १८७५च्या राज्यघटनेनं रविवार पवित्र ठरवला. म्हणजे आयडाहोचा हा मुलगा ज्यांना ख्रिस्त सांगायला निघाला, त्यांच्या पणजोबांच्या पिढीलाही तो माहीत होता. खरा झगडा एका चर्चचा दुसऱ्या चर्चशी आहे. आपल्या माणसांनी आपला पंथ सोडू नये असं वाटणाऱ्या स्थानिक पाद्र्याकडे त्याची कारणं असणार. पण सिनेमात तो येतो तो नायकाच्या वाटेतला धोंडा म्हणून.

गावातली एक आई ग्रोबर्गकडे मागणी घेऊन येते, की माझ्या मुलीला तुझ्यापासून गोरं मूल हवं. अंगावर येणारा प्रसंग आहे. गोऱ्या कातडीची ही हाव या बेटावर कुठून आली? त्या मुलीला स्वतःला काय हवं होतं? सिनेमाला यातून फक्त नायकाचा संयम दाखवायचा असतो. तो दाखवून झाला की सिनेमा पुढे निघतो.

आणि फेकी. ग्रोबर्गचा टोंगन जोडीदार. तोही तरुण, त्याच चर्चचा, त्याच कामावर. तोही मिशनरीच की! पण पत्रं फक्त जीनला जातात, एकटेपणा फक्त ग्रोबर्गला येतो. फेकीला कुणाची आठवण येते का, त्यानं काय मागे ठेवलंय, हे कुणी विचारत नाही. तो हसतमुख आहे, मदतीला तत्पर आहे, आणि बस.

मराठी वाचकाजवळ हे मोजायला एक जुनी पट्टी आहे, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड टिळकांनी १८९५मध्ये धर्म बदलला. पण ती गोष्ट आपण ऐकतो ती त्यांच्याकडून नाही, ज्यांचं घर त्यामुळे हललं त्या बाईकडून. लक्ष्मीबाई रडतात, भांडतात, स्वतःवर हसतात, आणि शेवटी स्वतःच्या पायांनी त्याच धर्मात येतात. त्यामुळे धर्मांतर हा कुणाचा विजय उरत नाही. एका माणसाचा निर्णय होतो. टोंगाच्या या सिनेमाला अशी एक लक्ष्मीबाई हवी होती.

मग हा सिनेमा पाहावा का? पाहावा. ग्रोबर्गची माया खोटी वाटत नाही, आणि उपास काढून, तळवे सोलून घेऊन जो राहतो त्याची टिंगल करणं सोपं आहे. शिवाय हा प्रश्न मिशनऱ्यांपुरता नाही. आपल्यातलेही कितीतरी जण फेलोशिप घेऊन वर्ष-दोन वर्षं आदिवासी पाड्यावर जातात आणि परत येऊन लिहितात, 'त्या लोकांनी मला खूप शिकवलं.' ते खरंच असतं. मीही असं वाक्य एकदा लिहिलंय. सिनेमा संपल्यावर ती जुनी पोस्ट काढून पुन्हा वाचली. तिच्यात माझे चार फोटो होते, माझे तीन अनुभव होते. ज्यांच्या घरी मी जेवत होते, त्यांचं नाव कुठेच नव्हतं.