मराठी वाङ्मयातील शहरचा रस्ता

रस्ता ही राहण्याची जागा आहे असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी पुष्कळांस ते विलक्षण वाटेल. रस्ता जाण्यायेण्यासाठी, राहावयाचे ते घरात, अशी आपली जुनी समजूत आहे आणि ती भाषेतही पुरती मुरली आहे. माणूस 'वाटेवर आला' म्हणजे सुधारला, 'मार्गी लागला' म्हणजे त्याची चिंता मिटली. परंतु तोच 'रस्त्यावर आला' म्हणजे बुडाला. घरातली गोष्ट 'चव्हाट्यावर' गेली की अब्रू गेली. वाट आणि मार्ग तेवढे भले, रस्ता व चव्हाटा मात्र बदनाम! हे वाक्प्रचार ज्यांनी रूढ केले त्यांना घर होते, एवढाच ह्याचा अर्थ. ज्यांना ते नव्हते, किंवा नावापुरतेच होते, त्यांनी रस्त्याविषयी काय म्हटले, हे पाहण्याची सवड आमच्या टीकाकारांनी फारशी काढलेली नाही. प्रस्तुत लेखकही ह्या दोषातून मुक्त नाही.

हा विषय डोक्यात आला तो भंडारदऱ्यास. तेथे दिवाळीच्या सुटीत आठ दिवस राहण्याचा योग आला. 1926 साली पुरे झालेले प्रवरेवरील धरण आणि त्याच्या पायथ्याचे शेंडी हे गाव आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. शेंडीस सांगण्यासारखा रस्ता एकच. त्याच्या कडेला भात वाळत घातलेले, बाया तेथेच बसून बोलत आहेत, पोरे तेथेच खेळत आहेत, आणि शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या मोटारी हे सारे बाजूस सारून जलाशयाकडे धावत आहेत. मोटारीत बसलेल्यास तो रस्ता आहे. शेंडीकरास ते अंगण आहे. एकाच पट्टीचे हे दोन अर्थ पाहत मी पुष्कळ वेळ उभा होतो.

माझ्या पिशवीत त्या वेळी दया पवार यांचे 'बलुतं' होते. ते 1978 साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा लेखक ह्याच अकोले तालुक्यातील धामणगावचा. हे पुस्तक मी अनेक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. परंतु शिकवीत आलो ते गावाचे पुस्तक म्हणून. महारवाडा, बलुत्याची रीत, येसकरपाळी, ह्यांवर तास खर्ची पडत. मुंबईतील कावाखान्याची पाने मी 'घरी वाचा' म्हणून सोडून देत असे. एका विद्यार्थिनीने वर्गातच विचारले, "सर, कावाखाना आपण नेहमी का गाळता?" वेळ पुरत नाही, असे मी उत्तर दिले. ते खरे नव्हते. गावातल्या अन्यायाविषयी शहरातल्या वर्गात बोलणे सोपे जाते. ज्या शहरात आपण गिरगावच्या खोलीतून सुखाने जा-ये केली, त्याच शहराच्या रस्त्याविषयी बोलणे तितके सोपे जात नाही.

मराठी गद्य लेखकांनी आरंभी रस्त्याकडे पाठ फिरविली नव्हती, हे प्रथम सांगितले पाहिजे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' 1863 सालचे, ना. वि. जोशी यांचे 'पुणे शहराचे वर्णन' त्यानंतर पाच वर्षांनी आले. माडगावकर शहरात पायी हिंडणाऱ्या माणसाच्या उत्सुकतेने लिहितात. बाजार, धंदे, नाना देशीचे लोक, सारे त्यांना सारखेच नवलाचे. पुढे कादंबरी आली, लघुकथा आली, आणि लेखक जिना चढून वर गेला तो गॅलरीतच थांबला. मग शहर म्हणजे बिऱ्हाड, आणि रस्ता म्हणजे बिऱ्हाडाच्या खिडकीतून जे दिसते ते.

'बटाट्याची चाळ' हे 1958 सालचे पुस्तक ह्या गॅलरीतल्या वाङ्मयाचे शिखर होय. पु. ल. देशपांड्यांच्या विनोदाची थोरवी मला मान्य आहे. आजही ते पुस्तक उघडले की हातातले काम राहते. परंतु त्या चाळीतील माणसांचा खरा रंगमंच गॅलरी आणि जिना हाच आहे. ती माणसे रस्त्यावर उतरतात ती सहलीस निघाल्यासारखी, आणि परत वर आली की त्यांना हायसे वाटते. गिरगावातील वाड्यांची रचना पाहिली तर ह्यात नवल वाटणार नाही. मुख्य रस्त्यावरून कमानीतून आत वळले की फणसवाडी काय, मुगभाट काय, आपले एक बंद गावच असे. मी तरुणपणी तेथे तीन वर्षे काढली. ठाकुरद्वारच्या रस्त्यावरून रोज गेलो. त्या रस्त्यावर राहिलो असे मात्र म्हणवत नाही.

पुण्याचा बोळ निराळा. सदाशिव पेठेतील ज्या बोळात माझे बालपण गेले तेथे घर कोठे संपते आणि रस्ता कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण होते, आणि ते कठीण करणारी वस्तू म्हणजे ओटा. ओट्यावर बसलेला म्हातारा घरातही असे आणि रस्त्यावरही असे. येणाऱ्याजाणाऱ्यास तो हटकी, मुलांची भांडणे मिटवी, कोणाचे गणितात किती गुण गेले ह्याची वार्ता ठेवी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि शेकडो वाडे पडले, ही गोष्ट आम्ही त्या ओट्यांवरच ऐकली. पुढे उरलेले वाडेही इमारतींना जागा देऊन गेले, इमारतींच्या तळमजल्यावर वाहने उभी राहिली, ओटा गेला. बोळ मात्र राहिला आहे. त्यात आता कोणी बसत नाही.

ह्या ओट्याविषयी गहिवर येणे आमच्या वयास साहजिक आहे. आमच्या ललितनिबंधांत तो इतका आला आहे की ओट्यावर बसावयास जागा उरू नये! परंतु ओटा जसा आपुलकी करी तसा पहाराही करी. पुण्यातल्या ज्या रस्त्यांनी सावित्रीबाई फुले 1848 साली बुधवार पेठेतील शाळेत शिकवावयास जात, त्याच रस्त्यांवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकण्यात आला. फेकणारे लोक आकाशातून पडले नव्हते. ते ह्याच पेठांतले होते. बोळ राहण्यास कसा होता, ह्याचे उत्तर कोण राहत होते आणि कोण जात होते ह्यावर अवलंबून आहे. आमच्या स्मरणरंजनात फक्त बसणाऱ्याची साक्ष नोंदली गेली. जाणारीची साक्ष कोणी घेतली नाही.

भाऊ पाध्ये ह्यांच्या 'वासूनाका'ने 1965 साली ही साक्ष उलट्या बाजूने दिली. तेथे ओट्याऐवजी नाका आहे आणि म्हाताऱ्याऐवजी पोक्या व त्याची टोळी. अश्लीलतेचा केवढा गदारोळ तेव्हा उठला! त्या गदारोळात एक गोष्ट नजरेआड झाली, ती अशी की रस्त्यावर दिवसचे दिवस काढणाऱ्या रिकाम्या तरुणांना रस्ता हीच मालमत्ता वाटते आणि तेथून जाणारी प्रत्येक मुलगी त्या मालमत्तेत जमा होते, हे त्या कादंबरीने न लाजता दाखविले. वाचताना मला अनेकदा किळस आली. परंतु नाका समजला तो ह्याच पुस्तकाने.

तरीही पोक्यास रात्री परतावयास घर आहे. त्याच्याही खाली उतरल्यावर काय दिसते ते नारायण सुर्वे आणि नामदेव ढसाळ ह्यांनी सांगितले. एका गिरणी कामगाराने वाढविलेल्या सुर्व्यांनी आपल्या 1966 च्या संग्रहास 'माझे विद्यापीठ' हे नाव दिले. त्यांच्या रस्त्यावर कष्ट आहेत तशी माणसांवरची श्रद्धाही आहे. 1972 च्या 'गोलपिठा'त ती श्रद्धा उरत नाही. ह्या संग्रहास विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, आणि ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडून आल्यावर ती लिहिलेली आहे. गिरगावापासून पायी अर्ध्या तासावरची वस्ती. आणि तिची भाषा कळण्यास आमच्या सुशिक्षित वाचकाला वाटाड्या लागावा! आमच्या वाङ्मयाच्या नकाशात केवढे पांढरे ठिपके होते, हे एवढ्यावरून दिसते.

कावाखाना त्याच भागात, नागपाड्याच्या बाजूस. 'बलुतं'मधील ही पाने मी शेंडीस पुन्हा सावकाश वाचली, आणि ह्या सर्व लेखनात ती मला निराळी वाटली. पवार रस्त्याला शाप देत नाहीत आणि त्याचे गाणेही करीत नाहीत. तेथला संसार कसा चालतो ते सांगतात. एकेका खोलीत दोनतीन बिऱ्हाडे. मधे भिंत म्हणून लाकडी खोके. पुरुष हमालीस, गोदीत. बायका चिंध्या आणि कागद वेचावयास. अशा खोलीत जे मावत नाही ते बाहेर घडणार हे उघडच आहे, आणि माणसाच्या आयुष्यातील बहुतेक गोष्टी तेथे मावत नाहीत. म्हणून कावाखान्यात रस्ता हे घराचे उरलेले दालन होते. आमच्या बोळाचा ओटा ही घराने रस्त्यास दिलेली सवलत होती. येथे उलट, रस्त्याने घरास आसरा दिलेला आहे. 'रस्त्यावर येणे' ह्या वाक्प्रचाराचा अर्थ येथे गळून पडतो, कारण मुळातच जे रस्त्यावर आहेत त्यांना तेथे येण्याचे भय उरत नाही.

ह्या पानांत आणखी एक खुबी आहे. सारी कहाणी शिकलेला दया पवार आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार ह्यांच्या बोलण्यातून उलगडते. शिकलेला माणूस गॅलरीत पोचला आहे, पण दगडू अजून खालीच आहे. आणि वरच्याने खाली पाहून उसासा टाकण्याऐवजी खालचा वरच्यास जाब विचारतो. आमच्या वाङ्मयातील नजरेची दिशा येथे प्रथमच इतकी स्पष्ट उलटली आहे. नोकरी लागल्यानंतरचा भाग मला काहीसा उतरता वाटतो. तेथे घटना पुष्कळ आहेत, पण जागा नाही. कावाखान्याचा वास जसा येतो तसा पुढच्या कोठल्याही पत्त्याचा येत नाही. हे लेखकाचे वैगुण्य म्हणावे, की त्या नव्या पत्त्यांचे, ह्याचा निर्णय मला करता आलेला नाही. नव्या वसाहतींत फाटकापाशी पहारेकरी, आत मोटारींची रांग. त्यांच्याबाहेरच्या रस्त्याचे वर्णन करावयाचे तर कशाचे करावे, हा प्रश्न मला माझ्या सध्याच्या पत्त्याविषयीही पडतो.

रविवारी सायंकाळी मोटारी परतल्या. शेंडीच्या रस्त्यावर पुन्हा भात पसरले गेले नाही, कारण दिवस संपला होता. पण बाया मात्र येऊन बसल्या.

सुटीनंतरच्या पहिल्या तासास मी कावाखान्यापासून आरंभ केला. तास पुरला नाही, दुसराही पुरला नाही. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती आधीच पदवी घेऊन गेली होती.