'समजा, दोन एकसारखे घट आहेत'

घटांची एकसर जोडणी शिकवताना आपण फळ्यावर १.५ अधिक १.५ बरोबर ३ व्होल्ट असे लिहितो आणि पुढे जातो. पुस्तकांतली उदाहरणेही बहुधा 'समजा, दोन एकसारखे घट आहेत' अशीच सुरू होतात. आमची तक्रार या 'समजा'विषयी आहे. बेरीज चूक नाही. पण वीज न पोहोचलेल्या वस्तीवर सौरसंच चालवायचा म्हटले की हे 'समजा' काही वर्षांतच खोटे ठरते.

नेहमीचा प्रसंग घ्या. २४ व्होल्टच्या संचात १२ व्होल्टच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. एक बिघडते. पैसे एकीपुरतेच, म्हणून तेवढीच नवी येते. पुढे तीही लवकर बसली की बोल दुकानदाराला! खरे कारण अनेकदा जोडणीतच असते.

एकसर जोडणीत दोघींतून सारखाच प्रवाह वाहतो. जुनीची क्षमता घटलेली, म्हणून ती आधी भरते आणि तिचे व्होल्टेज झपाट्याने चढते. चार्ज कंट्रोलरला मात्र फक्त बेरीज दिसते. २८.८ व्होल्ट झाले की तो प्रवाह कमी करू लागतो. त्या २८.८ मध्ये जुनीचे १५.२ आणि नवीचे १३.६ असू शकतात. म्हणजे जुनीतल्या पाण्याचे विघटन होऊन ते वायुरूपाने उडते आहे आणि नवी अर्धपोटी आहे. रोज अर्धपोटी राहिल्यामुळे नवीच्या पट्ट्यांवरचे लेड सल्फेटचे स्फटिक वाढत, घट्ट होत जातात. मग ते चार्जिंगलाही दाद देत नाहीत. रात्री बेरीज पुन्हा फसवते. नवी १२.२, जुनी १०.८, एकूण २३, दिवे सुरूच! जुनी मात्र तळाला गेलेली. (एका बॅटरीच्या पोटातही सहा घट एकसरच असतात. त्यांतला एक दुबळा झाला तरी हेच घडते. प्रत्येक घटात हायड्रोमीटर बुडवल्यावर तो सापडतो.)

समांतर जोडणीत धोका वेगळा. १२.७ आणि १२.१ व्होल्टच्या बॅटऱ्या, प्रत्येकीचा अंतर्गत रोध ०.०२ ओहम धरू. ०.६ भागिले ०.०४, म्हणजे जोडताक्षणी १५ अँपिअर प्रवाह एकीतून दुसरीत, आणि दिवा तर लावलेलाच नाही! अंतर्गत रोधावर इतके बोलके गणित पुस्तकात का नसावे? दोघी एकाच प्रकारच्या असतील आणि आधी वेगवेगळ्या पूर्ण भरल्या असतील, तर क्षमता कमीजास्त असूनही त्या समांतर जोडणीत बऱ्यापैकी नांदतात.

'सगळ्या बॅटऱ्या एकदम बदला' हा जाणकारांचा सल्ला शास्त्राला धरून आहे. पण तेवढ्यावर थांबणे आम्हाला पटत नाही. ज्या शाळेपाशी एकीचेच पैसे आहेत, तिने काय करावे? दर पंधरवड्याला दोघींचे व्होल्टेज वेगवेगळे मोजावे. फरक वाढला, तर मागे राहिलेली एकटी १२ व्होल्टच्या चार्जरवर पूर्ण भरावी. जमल्यास दोघींमध्ये बॅलन्सर बसवावा. आणि संचाची ताकद जुनीएवढीच आहे हे धरून दिवे कमी लावावेत. शिसे-आम्ल आणि लिथियम बॅटऱ्या मात्र एका माळेत कधीच नकोत. त्यांची भरण्याची रीतच निराळी.

वर्गात हे दाखवायला मोठ्या बॅटऱ्यांना हात लावू नये. टॉर्चचे दोन नवे सेल आणि एक वापरून संपलेला, असे तिन्ही एकसर जोडून त्यांवर तीन सेलच्या टॉर्चचा साधा बल्ब लावा. प्रत्येक सेलचे व्होल्टेज बल्ब बंद असताना आणि चालू असताना मोजा. बंद असताना संपलेला सेलही सव्वा व्होल्टच्या आसपास दाखवून साळसूदपणे बसलेला असतो. बल्ब लावताच त्याचा आकडा कोसळतो, आणि सेल पुरता रिकामा असेल तर मीटरवर उणे चिन्हसुद्धा दिसते. बल्ब मिनिटभरच चालू ठेवावा. फार वेळ ठेवला तर संपलेला सेल पाझरतो.