‘नातीगोती’ आणि कोळवणची वाट

जयवंत दळवी यांचे ‘नातीगोती’ मी प्रथम पाहिले ते आईबरोबर. तिला नाटकाला नेण्यात माझा हेतू अगदीच निर्मळ नव्हता. माझा धाकटा भाऊ बाळू जन्मापासून बुद्धीने लहान राहिलेला. अशाच एका मुलाच्या आईबापांची ही कथा आहे असे ऐकले होते, आणि आईने एकदा मोकळेपणी रडून घ्यावे असे मला वाटत होते. ती रडली नाही. थिएटरबाहेर आल्यावर तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “आईबापांचं अगदी खरं लिहिलंय हो. पण त्या पोराचं कुठं काय आहे?”

नाट्यपरीक्षणे मी पुष्कळ वाचली आहेत, थोडी लिहिलीही आहेत. पण त्या नाटकावर इतके नेमके बोट कुणी ठेवल्याचे मला आठवत नाही.

नाटक उणे आहे असे मात्र नव्हे. बंद दाराआड मध्यमवर्गीय माणूस काय काय गिळत असतो, हे दळवींइतके कुणाला ठाऊक होते? काटदरे पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी. मुलगा बच्चू देहाने वाढलेला आणि मनाने तिथेच थांबलेला. त्या वाढत्या देहाचे काय करायचे, हा प्रश्न अशा घरांतून नवराबायकोसुद्धा एकमेकांशी बोलत नसत. तो दळवींनी चारचौघांपुढे मांडला. २०२४ साली निवर्तलेल्या अतुल परचुरे यांनी बच्चू उभा केला तोही हसण्यावारी जाऊ न देता. एवढे श्रेय निःसंशय द्यायलाच हवे.

तरीही बच्चू हे त्या नाटकातले पात्र नाही, असे मला म्हणावेसे वाटते. तो एक परिस्थिती आहे. घरावर पाऊस कोसळावा तसा तो त्या संसारावर कोसळतो, आणि कोण किती भिजले ते आपण पाहत बसतो. त्याच्यामुळे इतरांचे स्वभाव उघडे पडतात. त्याचा स्वतःचा स्वभाव कोणता? त्याला काय आवडते, कशाची लाज वाटते, कुणाचा राग येतो? बाळूला यांतले सगळे येते. वरणात फोडणी नसली तर तो दिवसभर बोलत नाही.

हा दोष एकट्या दळवींचा नाही. आपल्या कथाकादंबऱ्यांतला आंधळा बहुधा गातो किंवा भविष्य तरी सांगतो. लंगडा कारस्थानी असतो. आणि भोळसट असतो तो दुसऱ्यांचा चांगुलपणा पारखून घ्यायला. नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ लिहिले तेव्हा खुर्चीत बसलेले माणूस स्वतः बोलू लागले, ही केवढी मोठी गोष्ट! पण बाळू आत्मचरित्र लिहिणार नाही. २०१४ च्या ‘यलो’ चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर आली, तेव्हा मला फार आनंद झाला. थोडी धास्तीही वाटली. पदक मिळाले तरच गोष्टीत जागा, असे ठरले तर आमच्या बाळूने काय करावे? त्याला पोहता येत नाही. त्याला शेंगा सोलता येतात.

गोष्टीत जागा नसली तरी कायद्यात आता आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. आणि २००७ साली भारताने मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर आपण कुठे आणि कुणाबरोबर राहावे हे निवडण्याचा हक्क अशा माणसालाही आहे असे लिहिले आहे. निवडण्याचा! मी हे वाचले तेव्हा बाळू पन्नाशीला आला होता, आणि त्याला आम्ही कधी सदऱ्याचा रंगसुद्धा विचारला नव्हता.

आई गेल्यावर ‘आमच्या मागे याचे कोण?’ हा प्रश्न माझ्याकडे आला. दळवी १९९४ साली गेले. त्याच साली मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ सुरू झाले, हे मला फार उशिरा कळले. बुद्धीने मागे राहिलेल्या प्रौढांचे हे गाव. कल्पना मूळची स्कॉटलंडमधल्या कॅम्पहिलची: व्हिएन्नाहून परागंदा झालेले डॉक्टर कार्ल कोनिग यांनी १९४० च्या सुमारास तिथे अशा मुलांबरोबर एकत्र राहण्याचा प्रयोग मांडला. कोळवणला राहणाऱ्यांना ‘विशेष मित्र’ म्हणतात. हा शब्द मला जरा गोड वाटला. पण ‘वेडा’ ऐकत वाढलेल्या घरातल्या माणसाने गोडाची तक्रार करू नये. तिथे वॉर्ड नाहीत, घरे आहेत. घरात गृहमाता आहे आणि ज्याला जमेल तसे काम आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बाळूला घेऊन गेलो. पिरंगुट, पौड मागे पडले की भाताची खाचरे लागतात; ती पिवळी झाली होती. हाच तो तालुका. १९२१ साली धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा ‘जान किंवा जमीन’ म्हणत इथली माणसे उठली होती. आम्हांला विचारलेत का, हेच त्यांचे म्हणणे होते. गाडीत हे मनात आले, आणि शेजारी बसलेल्या बाळूला आपण कुठे चाललो आहोत हे अजून सांगितलेलेच नाही, हेही ध्यानात आले. पौडच्या पुढे गाडी थांबवून सांगितले. तो काही बोलला नाही.

तिथे पोचल्यावर मी पैशाचे, डॉक्टरचे, रात्रीच्या सोबतीचे विचारत बसलो. बाळू ओट्यावर एका पिकल्या केसांच्या गृहस्थांशेजारी जाऊन बसला होता. त्याने एकच विचारले, “चहा कितीला?”

“चारला,” ते म्हणाले. “आज कप धुवायची पाळी माझी.”

बाळूने घड्याळाकडे पाहिले. त्याला घड्याळ कळत नाही. पण चार वाजेपर्यंत तो तिथून उठला नाही, आणि कप धुवायला त्यांच्या मागोमाग गेला.